भिंतीच्या पोटातला सांगाडा

आजचा भाग सुरू होतो एका पडलेल्या फळीपासून.

आमच्या हॉलचा एक कोपरा अडवून मी रेकॉर्डिंगसाठी छोटी खोली करून घेतली आहे. मधलं पार्टिशन जिप्सम बोर्डाचं. त्या पार्टिशनवर, हॉलच्या बाजूने, मी एका रविवारी स्वतःच फळी लावली. ड्रिलने भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळले. वर बाबांची पुस्तकं आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा रचला. तीन आठवडे सगळं झकास. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी धडाम आवाज झाला. फळी, पुस्तकं, दिवाळी अंक आणि भिंतीचा ताटाएवढा तुकडा, सगळं बाबांच्या आरामखुर्चीत. बाबा रोज सहा ते सात त्याच खुर्चीत पेपर वाचत बसतात. त्या दिवशी शेजारी सत्यनारायण होता, म्हणून ते तीर्थप्रसादाला गेले होते. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही, आधी बोटाच्या पेराने ठोकायला लागले. ढब, ढब, ढब, आणि मग एकदम टक. तिथे पेन्सिलने खूण केली. पुन्हा ढब, ढब, आणि दोन फुटांवर पुन्हा टक. मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बोर्डात मारलंत. चॅनलमध्ये मारायला हवं होतं. बोर्ड काय, नुसता पदर असतो. भार घेतो तो आतला चॅनल."

मी विचारलं, चॅनल दोन फुटांवरच का? तर म्हणे, "बोर्ड चार फुटी येतो ना, म्हणून." आणि बोर्ड चार फुटीच का? त्यावर काका हसले. "ते कंपनीला विचारा."

मंडळी, तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. उरलेल्या बोर्डाचा तुकडा घरात होता. नवा बोर्ड रुंदीला १२२० मिलिमीटर असतो. आपल्याकडे मेट्रिक मापं रुळून साठ वर्षं होऊन गेली, मग हा १२२० कुठून आला? १२०० का नाही? तर १२२० म्हणजे मिलिमीटरच्या वेषातले चार फूट. आणि त्या चार फुटांच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांची गोष्ट आहे. ती बरीचशी अमेरिकेत घडली. पण तिचं मूळ तत्त्व समजायला आपण आधी कोकणात जाऊ, कारण ते तत्त्व आपल्या आज्यापणज्यांना चांगलं माहीत होतं.

कूड

माझ्या आजोळी गोठ्याची एक भिंत कुडाची होती. ज्यांनी कूड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी ठराविक अंतरावर मेढी, म्हणजे खांब रोवायचे. त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या. त्यावर कारवीच्या काठ्या जवळजवळ लावायच्या, पण अगदी चिकटून नाही, मध्ये फट ठेवायची. कारवी म्हणजे तीच, सह्याद्रीत सात वर्षांनी एकदा फुलणारी. मग दोन्ही बाजूंनी माती आणि शेणाचा लेप. हाताने दाबून लावला की चिखल फटींतून पलीकडे जातो, तिकडच्या चिखलाला भेटतो आणि वाळल्यावर काठ्यांना घट्ट धरून बसतो.

इथे तीन गोष्टी आहेत, त्या लक्षात ठेवा. एक, उभा सांगाडा, जो भार घेतो. दोन, त्यावरची काड्यांची जाळी, जी लेपाला धरते. तीन, लेप, जो आपल्याला भिंत म्हणून दिसतो. आपण ज्याला हात लावतो, रंग देतो, खिळा मारतो, ती तिसरी गोष्ट. भिंत उभी असते ती पहिलीच्या जोरावर. आणि पहिली गोष्ट एकदा लेप चढला की पुन्हा दिसत नाही.

जगभर अशा भिंती होत्या. युरोपात कारवीऐवजी विलो किंवा हेझेलच्या फांद्या, शेणमातीत गवत. इंग्लंडमधून माणसं अमेरिकेला गेली, ती हेच ज्ञान घेऊन. फरक एवढाच पडला की तिथे लाकूड अमाप होतं आणि करवतीच्या गिरण्या होत्या. मग फांद्यांऐवजी आल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या. साधारण दीड इंच रुंद, पाव इंचाहून थोड्या जाड, आणि लांबी चार फूट. या पट्ट्या उभ्या लाकडांवर आडव्या ठोकायच्या, दोन पट्ट्यांत बोटभरापेक्षा कमी फट. वर चुन्याचा गिलावा, त्यात गुरांचे नाहीतर घोड्याचे केस कालवलेले, म्हणजे तडे जात नाहीत. गिलावा थापीने दाबला की फटीतून मागे जाऊन वळतो आणि अडकतो. कुडाचीच युक्ती, फक्त गवंड्याच्या हाताने.

सोळा इंच

आता चला शिकागोला. १८३३ साली हे गाव अधिकृतपणे वसलं तेव्हा तिथे जेमतेम साडेतीनशे माणसं होती. १८७० च्या जनगणनेत ती तीन लाखांच्या घरात गेली. सदतीस वर्षांत! एवढ्या माणसांना घरं कोण बांधून देणार?

जुनी युरोपीय पद्धत अशी की जाडजूड तुळया घ्यायच्या, त्यांत खाचा आणि कुसवं कोरायची, लाकडाच्या खुंट्यांनी सांधे बसवायचे. आपल्या वाड्यांतली सुतारकामं आठवा. असं घर उभं करायला मुरलेला सुतार लागतो आणि तुळई उचलायला दहा माणसं. शिकागोत दोन्ही कमी होतं. मग १८३० च्या दशकात तिथे एक हलकी पद्धत रुळली. जाड खांब काढून टाकायचे आणि त्याऐवजी दोन इंच बाय चार इंचांची लाकडं, एकापाशी एक, बरीच उभी करायची. सांधा कोरायचा नाही, सरळ खिळा मारायचा. जॉर्ज स्नो नावाच्या गृहस्थाचं १८३२ चं गोदाम आणि ऑगस्टीन टेलरने १८३३ मध्ये बांधलेलं सेंट मेरीचं चर्च, ही दोन नावं नेहमी घेतली जातात. पण अभ्यासकांचं म्हणणं असं की हे एकट्याचं डोकं नव्हे. अनेक ठिकाणचे सुतार हळूहळू तिकडेच चालले होते. या पद्धतीला नाव पडलं 'बलून फ्रेम'. फुग्यासारखी हलकी, वाऱ्याने उडेल, अशी थट्टा त्या नावामागे होती असं सांगतात. घरं काही उडाली नाहीत.

हे शक्य झालं ते खिळ्यामुळे. आधी लोहार एकेक खिळा ऐरणीवर ठोकून काढायचा, त्यामुळे खिळा ही मौल्यवान वस्तू होती. १७९० च्या दशकात खिळे कापणारी यंत्रं आली. जेकब पर्किन्सच्या यंत्राचं पेटंट १७९५ चं. पुढच्या चाळीस वर्षांत खिळा इतका स्वस्त झाला की घरात मूठमूठ खिळे मारणं परवडायला लागलं. कुसू कोरणाऱ्या सुताराची जागा हातोडी चालवता येणाऱ्या कुणीही घेतली.

आणि ही उभी लाकडं किती अंतरावर? तर मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंच. आता हिशेब करा. गिलाव्याची पट्टी चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. पट्टीचं एक टोक एका लाकडावर, मध्ये दोन आधार, दुसरं टोक पुन्हा बरोबर एका लाकडाच्या मध्यावर. पट्टी कापावी लागत नाही, लोंबकळत नाही, आणि गवंड्याने थापी दाबली तर मध्ये लचकत नाही. अंतर दोन फूट केलं तरी अठ्ठेचाळीसला भाग जातो, पण एवढी पातळ पट्टी तितक्या अंतरात दबते. सोळा इंचांवर सुतार आणि गवंडी दोघांचंही जमलं.

माझ्या गोष्टीतला चार फूट हा आकडा मला पहिल्यांदा इथे भेटला. पण बोर्ड अजून यायचा आहे. त्याआधी या भिंतीचा एक दोष सांगायला हवा, कारण त्या दोषानेच पुढची दारं उघडली.

पोकळ भिंत आणि आग

बलून फ्रेममधलं उभं लाकूड जोत्यापासून थेट छपरापर्यंत एकसंध जायचं. दोन मजली घर असेल तर दोन्ही मजले ओलांडून. म्हणजे दोन लाकडांच्या मध्ये काय झालं? खालपासून वरपर्यंत मोकळी, उभी पोकळी, आणि तिच्या चारही बाजूंना वाळलेलं लाकूड. खाली स्वयंपाकघराच्या भिंतीत ठिणगी शिरली तर ती धुराड्यातून जावी तशी वर जायची. खालच्या खोलीत धूर दिसायच्या आधी माळा पेटलेला असायचा.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोला आग लागली. ती १० तारखेपर्यंत जळत राहिली. सतरा हजारांवर इमारती गेल्या, सुमारे तीनशे माणसं मेली, एक लाख लोक बेघर झाले. या आगीचं खापर एकट्या पोकळ भिंतीवर फोडता येणार नाही. कोरडा पडलेला उन्हाळा, जोराचा वारा, लाकडी फुटपाथ, लाकडी छपरं, सगळंच होतं. पण त्यानंतर भिंतीच्या आत काय आहे याकडे लोक बघायला लागले. पोकळीत अधूनमधून आडवं लाकूड ठोकून वाट बंद करायची, हा नियम हळूहळू रुळला. पुढे विसाव्या शतकात पद्धतच बदलली. एक मजला उभा करायचा, त्यावर जमीन टाकायची, आणि त्या जमिनीवर दुसऱ्या मजल्याची लाकडं नव्याने उभी करायची. मजल्याला मजला तुटला, म्हणजे धुराडंही तुटलं.

सांगाडा सुधारला. आता लेपाची पाळी होती.

कागदात गुंडाळलेला दगड

चुन्याचा गिलावा म्हणजे धीराचं काम. तीन थर. पहिल्यावर ओरखडे काढायचे, तो वाळू द्यायचा. मग दुसरा, सपाटी आणणारा. मग तिसरा, गुळगुळीत. घर गिलाव्याला आलं की आठवडेच्या आठवडे जायचे, आणि थंडीत तर ओल हटायचीच नाही.

१८९४ साली ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन माणसाने एक पेटंट घेतलं. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि जाड कागद यांचे थर एकावर एक देऊन त्याने पत्रा बनवला. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे आपल्याला गणपतीच्या मूर्तींमुळे माहीत असलेलं पीओपी. जिप्सम नावाचा मऊ दगड भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं आणि भुकटी होते. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की ती ते पाणी पिऊन परत दगड होते. या दगडाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा म्हणजे त्याच्यात बंदिस्त झालेलं पाणी. हाताला कोरडा लागतो, पण पाणी आत आहे.

आगीच्या दृष्टीने हे फार मोलाचं. ज्वाळा बोर्डाला लागली की ते बंद पाणी वाफ होऊन निघायला लागतं, आणि ते सगळं निघून जाईपर्यंत बोर्डाच्या मागची बाजू साधारण उकळत्या पाण्याइतक्याच तापमानाला अडून राहते. म्हणजे भिंत काही काळ आगीशी झुंजते आणि मागच्या लाकडाला वाचवते. लाकडी पट्ट्यांनी जे कधीच केलं नसतं ते हा कागदात गुंडाळलेला दगड करतो.

सॅकेटचा बोर्ड मात्र सुरुवातीला भिंत म्हणून आला नव्हता. तो पट्ट्यांच्या जागी आला. म्हणजे बोर्ड ठोका आणि त्यावर गिलावा कराच. १९०२ मध्ये शिकागोत युनायटेड स्टेट्स जिप्सम ही कंपनी स्थापन झाली, १९०९ मध्ये तिने सॅकेटचा धंदा विकत घेतला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात 'शीटरॉक' या नावाने असा बोर्ड आणला ज्याच्यावर गिलावा लागतच नाही. सांधे बुजवा, रंग द्या, झालं.

आणि या बोर्डाचं माप काय? चार फूट रुंद. दुसरं काय असणार? देशभर लाखो घरांत सोळा इंचांवर लाकडं उभी होती, आणि प्रत्येक सुताराच्या हाताला सोळाची सवय होती. नव्या मालाला जुन्या सांगाड्यावर बसणं भाग होतं. याचा अगदी स्वच्छ पुरावा म्हणजे त्याच काळात गिलाव्याखाली लावायला मिळणारे जिप्समचे छोटे तुकडे. त्यांचं माप होतं सोळा इंच बाय अठ्ठेचाळीस इंच. पट्ट्या गेल्या, पण पट्टीची लांबी राहिली.

गंमत बघा. आपण समजतो की बोर्ड चार फुटी म्हणून चॅनल दोन फुटांवर. आमच्या काकांचं म्हणणं आज बरोबरच आहे. पण इतिहासात गाडी उलटी चालली. आधी सांगाडा होता, बोर्ड त्याच्या मापाने कापला गेला. आणि मग जगभर गेलेल्या बोर्डाने आपल्याबरोबर ते जुनं माप नेलं, थेट आमच्या हॉलपर्यंत.

थापी खाली ठेवलेले हात

बोर्ड आला म्हणून लोकांनी लगेच उचलला असं नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच्याकडे हलका माल म्हणूनच पाहिलं गेलं. ठोकलं तर आवाज पोकळ, सांधे दिसतात, खरी भिंत ती गिलाव्याची. हे मत काही अगदीच चूक नव्हतं. गिलाव्याची भिंत खरोखरच जड, टणक आणि आवाज अडवणारी असते.

चित्र बदललं दुसऱ्या महायुद्धात. सैन्याला बराकी हव्या होत्या, त्याही उद्या. गवंडी युद्धावर गेलेले. युद्ध संपलं आणि लाखो सैनिक परत आले, त्यांना घरं हवी होती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ मध्ये लेव्हिटटाउन सुरू झालं. चार-पाच वर्षांत तिथे सतरा हजारांहून अधिक घरं उभी राहिली. एका टप्प्यावर दिवसाला तीस घरं तयार होत होती. काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं, प्रत्येक टोळी आपलं एकच काम करून पुढच्या घरात. तिथे तीन थर वाळायची वाट कोण बघणार? आतल्या भिंती बोर्डाच्याच झाल्या.

यात एक माणूस मागे राहिला, तो गिलावा करणारा. त्याचं काम शिकायला वर्षं जात. सपाट भिंत डोळ्याने नाही तर मनगटाने ओळखणारा माणूस तो. एका पिढीत त्याची जागा बोर्ड कापून ठोकणाऱ्याने घेतली. शंभर वर्षांपूर्वी खिळ्याने कुसू कोरणाऱ्या सुताराचं जे केलं, तेच बोर्डाने गवंड्याचं केलं. मला याचं वाईट वाटतं. पण त्याच बोर्डामुळे साध्या पगारदाराला स्वतःचं घर मिळालं हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक झाकून दुसरं सांगता येत नाही.

पत्र्याचा सांगाडा

आता शेवटचा बदल. गगनचुंबी इमारतींत लाकडाचा सांगाडा चालत नाही, तो जळतो. विटांची भिंत चालते, पण तिचं वजन! साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा करून एक चौरस मीटर घेतली तर अडीचशे किलोच्या आसपास जाते. तेवढीच जिप्सम बोर्डाची भिंत वीस-पंचवीस किलो. साधारण दहावा हिस्सा. शंभर मजल्यांवर हा फरक कुठल्या कुठे जातो याचा विचार करा. खालचे खांब, पाया, सगळंच हलकं होतं.

म्हणून लाकडाच्या जागी आला वाकवलेला पत्रा. पार्टिशनचं काम चालू असताना कधी उभे राहून बघा. जमिनीवर आणि वर छताला पन्हाळीसारखी पट्टी मारतात, तिला ट्रॅक म्हणतात. त्यात उभे सी आकाराचे चॅनल बसवतात. पत्रा अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड, हाताने पिळला तर वाकतो. चॅनलला मध्ये भोकं असतात, त्यांतून वायरी जातात. एका बाजूने बोर्ड स्क्रूने मारला की पत्रा वाकायचा थांबतो. दुसऱ्या बाजूनेही मारला की भिंत ताठ उभी राहते. बोर्ड चॅनलला आवरतो, चॅनल बोर्डाला. म्हणून "ही भिंत आगीत एक तास टिकते" असं जेव्हा लिहितात, तेव्हा ते एकट्या बोर्डाचं वर्णन नसतं. किती जाडीचा बोर्ड, कुठला चॅनल, किती अंतरावर, स्क्रू किती, सांधे कसे भरले, या सगळ्याची मिळून चाचणी झालेली असते. त्यातलं एक बदललं तर तो तास तुमचा राहत नाही.

अशा भिंतीचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये. एकशे दहा मजल्यांचे दोन मनोरे. त्यांच्या मधोमध लिफ्टच्या आणि जिन्यांच्या उभ्या विहिरी. एवढ्या खोल विहिरीत आतून परात बांधून गवंडी कसा उभा करायचा? म्हणून १९६० च्या दशकात एक पद्धत खास तयार झाली. धातूच्या चॅनलमध्ये जिप्समच्या जाड फळ्या सरकवायच्या आणि बाहेरून बोर्ड मारायचे. सगळं काम एकाच बाजूने, मजल्यावर सुरक्षित उभं राहून. भिंत हलकी, आणि आगीला दोन तास तोंड देईल अशी. आज जगातल्या असंख्य उंच इमारतींत लिफ्टच्या भोवती अशाच प्रकारची भिंत असते.

११ सप्टेंबर २००१. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी पहिलं विमान उत्तरेच्या मनोऱ्यात ९३ ते ९९ या मजल्यांवर घुसलं. त्या मजल्यांवर तिन्ही जिने एकाच वेळी बंद झाले. जिन्यांभोवतीच्या भिंती उखडल्या आणि मलबा पायऱ्यांवर पडला. ९१व्या मजल्याच्या वर असलेल्यांपैकी एकही माणूस वाचला नाही. दक्षिणेच्या मनोऱ्यात एक जिना कसाबसा चालू राहिला, आणि विमान घुसलं त्या मजल्यांवरून आणि त्यावरून अठरा माणसं खाली उतरू शकली.

त्याच सकाळी उत्तरेच्या मनोऱ्यात पन्नासाव्या मजल्यापाशी एक लिफ्ट अडकली. आत सहा माणसं. त्यांच्यात यान डेमचुर नावाचा काचा पुसणारा कामगार होता. त्यांनी लिफ्टचं दार ओढून उघडलं तर समोर भिंत, कारण ती लिफ्ट त्या मजल्यावर थांबणारी नव्हती. डेमचुरने भिंतीला हात लावला आणि ओळखलं, हा जिप्सम बोर्ड आहे. त्याच्या बादलीत काचेवरचं पाणी ओढायचा वायपर होता. त्याच्या पात्याने त्यांनी भिंत खरवडायला घेतली. पातं हातातून निसटून विहिरीत पडलं, मग उरलेल्या दांड्याने खरवडली. एक थर, दुसरा, तिसरा, शेवटी टाइल. पलीकडे पुरुषांचं स्वच्छतागृह निघालं. ते सहाही जण खाली उतरून बाहेर आले आणि काही मिनिटांतच, १० वाजून २८ मिनिटांनी, मनोरा कोसळला. तो दांडा आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मंडळी, मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ गप्प बसलो. भिंत एकाच जातीची. वर तिने माणसांची वाट अडवली, खाली तिने वाट करून दिली. आणि दोन्हींचं कारण एकच. ती भिंत आग अडवायला बांधली होती, धक्का सोसायला नाही. बांधणाऱ्यांनी तिला जे विचारलं होतं त्याचं उत्तर तिने दिलं. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

विमानाचा मारा सोसेल अशी भिंत कुणीच बांधत नाही, ते शक्यही नाही. पण अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, म्हणजे निस्टने, २००५ मध्ये जो अहवाल दिला त्यात जिन्यांच्या भिंती अधिक मजबूत हव्यात आणि जिने एकमेकांपासून लांब हवेत असं स्पष्ट म्हटलं. २००९ च्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये नियम आला. ४२० फुटांपेक्षा उंच इमारतींत जिन्याभोवतीच्या भिंतींनी आगीबरोबरच आघाताचीही परीक्षा द्यायची, आणि एक जिना जादा ठेवायचा. सांगाडा तोच राहिला, त्याला विचारायचे प्रश्न वाढले.

बाबांचा कठडा

आता परत आमच्या हॉलमध्ये येतो.

फळीचं भोक बुजवायचं म्हणून काका आले होते, तेव्हा बोलता बोलता मी त्यांना सांगितलं की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्यांना त्या भिंतीच्या कडेने चालायला धरायला काहीतरी लावायचंय. स्टीलचा पाइप आणून ठेवला होता. मी विचारलं, "काका, हा मारता येईल ना इथे?"

काकांनी हातातली पुट्टी खाली ठेवली. म्हणाले, "फळीवर पुस्तकं होती. याच्यावर माणूस येणार. दोन फुटांवरचे चॅनल आणि त्यात हा पातळ पत्रा, नाही चालणार. बोर्ड काढू या. आत दोन चॅनलच्या मध्ये प्लायचा तुकडा घट्ट बसवतो, मग बोर्ड बंद करू. मग तुम्ही बाबांना लटकवलंत तरी हलणार नाही." आणि मग जरा ओरडलेच, "हे भिंत करतानाच सांगायचं असतं साहेब. बंद झाल्यावर कुणाला काय दिसतं?"

शिकागोच्या सुताराने सोळा इंच ठरवले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चार फुटांची पट्टी होती. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इंजिनिअरांच्या डोळ्यांसमोर आग आणि वजन होतं. मी पार्टिशन करून घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त माइक होता. बाबा त्या भिंतीला धरून चालतील हे मनातच आलं नाही. भिंत काय पेलणार, हे ती उघडी असताना ठरतं. नंतर आपण तिला फक्त रंग देतो.

बोर्ड काढला तेव्हा मी आत डोकावलो. चकचकीत पत्र्याचे चॅनल, दोन दोन फुटांवर, ओळीने उभे. मला आजोळच्या गोठ्यातल्या मेढी आठवल्या. काकांनी तीन ठिकाणी प्लाय बसवला आणि मला म्हणाले, फोटो काढून ठेवा, मापासकट. तो फोटो आता घराच्या कागदपत्रांच्या फायलीत आहे.

बाबांचं ऑपरेशन झालं. रोज सकाळी त्या कठड्याला धरून ते हॉलमधून अकरा पावलं जातात आणि अकरा पावलं परत येतात. हा भाग रेकॉर्ड करताना भिंतीपलीकडून मला त्यांच्या पाइपला लागणाऱ्या अंगठीचा आवाज येत होता. ऐकताना तुम्हालाही मधूनमधून टिक टिक ऐकू आली असेल, तर ते तेच. मी तो आवाज काढून टाकला नाही.

तुमच्याही घरात, ऑफिसात असं पार्टिशन असेल तर एकदा बोटाने ठोकून बघा आणि सांगाडा कुठे सापडतो ते मला कळवा. कुडाच्या भिंतीत राहिलेलं कुणी असेल तर त्यांनी तर नक्की लिहा. आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात.